अण्णांची ओफ्रेंदा

मेक्सिकोत नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांचा सण असतो. गेलेली माणसं तेव्हा घरी येतात असं मानतात आणि त्यांच्यासाठी घरात आवडीचं खाणंपिणं मांडतात, तीच ओफ्रेंदा. ओफ्रेंदा मांडायची म्हटलं की फुलं, मेणबत्त्या, पाव हे सगळं नंतर येतं. आधी गेलेल्या माणसाला काय काय आवडायचं ते आठवावं लागतं, आणि तेही नेमकं. ‘त्यांना गोड आवडायचं’ एवढ्यावर भागत नाही. कुठलं गोड? गरम की निवलेलं? जेवताना की जेवण झाल्यावर? शेजारच्या सेन्योरांनी, म्हणजे शेजारच्या बाईंनी, हे प्रश्न एकापाठोपाठ एक विचारले आणि मी विचारात पडले. अण्णा ऑगस्टमध्ये गेले होते. ऑक्टोबर लागताच त्या माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या होत्या आणि तुझ्या वडिलांसाठी यंदा काय काय ठेवायचं, ते ठरवू म्हणत होत्या.

आम्ही मेक्सिकोत, पुएब्ला शहराला लागून असलेल्या चोलुलात राहतो. नवरा मोटारींच्या उद्योगात आहे, त्याच्या कामामुळे इकडे आलो. चोलुला फार जुनं गाव आहे. मधोमध झाडाझुडपांनी भरलेली एक टेकडी दिसते, ती मुळात भलामोठा पिरॅमिड आहे आणि तिच्या माथ्यावर स्पॅनिश काळातलं चर्च उभं आहे. हवा स्वच्छ असली की मागे पोपोकातेपेत्ल ज्वालामुखी दिसतो, बहुतेक वेळा धूर सोडत. सेन्योरांचं घर आमच्या घराला खेटून. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या, आणि माझ्या स्पॅनिशमधल्या चुका न थकता सुधारणाऱ्या.

अण्णांची बातमी आली तेव्हा मी इथेच होते. इथून कराडला पोचायचं तर विमानं बदलत दीड-दोन दिवस जातात. मी पोचले तोवर सावडणंही झालं होतं. पुढचं सगळं दादाने केलं. मी पानं वाढायला मदत केली, नमस्कार केला, आईजवळ बसून राहिले आणि परत आले. रडायला वेळ मिळाला, हातांना मात्र काम मिळालं नाही. हे मी कोणाला बोलले नव्हते. सेन्योरांनाही नाही. पण त्यांनी मला ज्या तऱ्हेने कामाला लावलं त्यावरून त्यांना ते कळलं असावं असं मला वाटतं.

पहिल्यांदा त्यांनी विचारलं ते, नेमके कधी गेले? ऑगस्ट म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. सणाच्या आधीच्या महिनाभरात कोणी गेलं असेल तर त्याच्यासाठी त्या वर्षी मांडत नाहीत. इतक्या लवकर त्याला तिकडून परवानगी मिळत नाही, असं त्यांच्याकडे मानतात. अण्णांना भरपूर वेळ मिळाला होता. मग दिवस सांगितले. २८ ऑक्टोबर अपघातात गेलेल्यांचा. ३१ तारखेला लहान मुलं येतात, १ नोव्हेंबरला दुपारी ती निघाली की मोठी माणसं यायला लागतात आणि २ तारखेला जातात. गावागणिक यात फरक पडतो, पण सेन्योरांच्या घरी हा क्रम पाळतात आणि त्यात त्या तसूभरही बदल करत नाहीत.

नाहुआ या इथल्या मूळ रहिवासी लोकांमध्ये मृतांसाठी स्वतंत्र सण होते, धान्य-फुलं वाहायची रीत होती. स्पॅनिश आले आणि कॅथलिकांचे सर्व संतांचा आणि सर्व मृतांचा हे नोव्हेंबरचे दोन दिवस त्यात मिसळले. २००३ मध्ये युनेस्कोने या परंपरेचा गौरव केला आणि २००८ मध्ये ती मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. हे सगळं मी वाचलेलं होतं. घरात मात्र याचा कोणी उल्लेखही करत नाही. घरात बोलणं असतं ते मोले नावाच्या घट्ट रश्शाला मिरच्या कधी भिजवायच्या आणि टेबल कुठल्या भिंतीला लावायचं याचं.

यादीसाठी मी कराडला फोन लावला. आई, दादा, वहिनी आणि योगायोगाने आलेली आत्या, सगळे एका पडद्यावर. मी विचारलं, अण्णांना काय आवडायचं?

“शिरा कर,” आई म्हणाली. “केळं घालून. शिरा फार आवडायचा त्यांना.”

दादा जरा थांबून म्हणाला, “आई, शिरा तुला आवडतो. अण्णा तुझ्यासाठी खायचे.”

आई गप्प झाली. मग अगदी खरोखरचा प्रश्न विचारावा तसं तिने विचारलं, “मग त्यांना काय आवडायचं रे?”

बावन्न वर्षांचा संसार. त्या प्रश्नावर आम्ही सगळेच काही क्षण बोललो नाही. मग आत्याने सुरुवात केली. शेंगदाण्याची पोळी, कडेला जराशी करपलेली. लहानपणी करपलेली पोळी तो माझ्याकडून मागून घ्यायचा, म्हणाली. दादाला आठवली कांदाभजी. अण्णा एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. कँटीनमधून भज्यांचा पुडा आणायचे आणि घरी येईपर्यंत भजी गार होऊन मऊ पडलेली असायची. आई ती तव्यावर गरम करायला निघाली की म्हणायचे, असू दे, अशीच चांगली लागतात. वहिनी म्हणाली, हिरव्या मिरचीचा ठेचा, पण लसूण कच्चा. मी म्हटलं, चहा बशीतून.

तंबाखूचं कोणी काढेना. शेवटी मीच काढलं.

“ते नको,” आई ताडकन म्हणाली. “आयुष्यभर त्यावरून भांडले मी त्यांच्याशी.”

मी दुसऱ्या दिवशी सेन्योरांना विचारलं. आमच्याकडे श्राद्धाच्या पानात असलं काही बसत नाही, आईला ते पटणार नाही, काय करू? सेन्योरांच्या यजमानांना बिअर आणि बिनफिल्टरची सिगारेट लागायची, आणि दोन्ही दरवर्षी मांडलेली असतात. “मीही भांडायचे, मिहा,” त्या म्हणाल्या. मिहा म्हणजे पोरी. “पण पाहुणा कोण आहे? तो की मी?”

हे मी आईला जसंच्या तसं सांगितलं. बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग ती म्हणाली, “ठेव. पण गायछापच ठेव. दुसरी खायचे नाहीत.”

आपल्याकडे दहाव्याला पिंडाशेजारी आवडीचा पदार्थ ठेवतात, कावळा शिवेना तर गेलेल्याची काय इच्छा राहिली असेल याचा सगळे मिळून अंदाज घेतात. तोही त्या माणसाला आठवण्याचाच भाग आहे, आणि मला तो लहानपणापासून भिडत आलेला आहे. पण पुढे वर्षश्राद्धाला, पितृपक्षात ताट हळूहळू ठरावीक होत जातं. खीर, वडे, आमसुलाची चटणी, भोपळ्याची भाजी. पणजोबांना जे, तेच आजोबांना. नाव आणि गोत्र तेवढं वेगळं घ्यायचं. ओफ्रेंदात उलट आहे. पाणी, मीठ, फुलं, मेणबत्ती हे सगळ्यांना सारखं, आणि बाकीचा प्रत्येक इंच त्या एका माणसाचा. मला दोन्हींत थोरलं-धाकटं करायचं नाही. माझी त्या वर्षीची गरज दुसऱ्या प्रकाराने भागली, एवढंच.

फोटोचा प्रश्न निघाला. माझ्याकडे अण्णांचा एकच चांगला, हसरा फोटो होता, दादाच्या लग्नातला, आणि त्यात शेजारी आई. सेन्योरांनी तो हातात घेतला आणि लगेच परत दिला. जिवंत माणसाचा फोटो ओफ्रेंदावर कधीही जात नाही. कापून घेते म्हटलं तर त्यांनी बोट ठेवून दाखवलं की आईचा हात अण्णांच्या दंडावर आहे, तो कसा कापशील? दादाने मग एसटीच्या ओळखपत्रावरचा फोटो पाठवला. खाकी गणवेश, वर केलेली मान, आणि डाव्या खांद्यावर गोल शिक्क्याची जांभळी कड. इथल्या स्टुडिओतल्या मुलाने शिक्का पुसून देऊ का विचारलं. मी नको म्हटलं. तो शिक्का त्यांच्या नोकरीचा होता आणि त्या नोकरीचा त्यांना अभिमान होता.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात चोलुलाचा बाजार केशरी होऊन जातो. सेंपासुचिल म्हणजे आपला झेंडूच. मूळचा याच मुलखातला. आपण दसऱ्याला दाराला बांधतो तो झेंडू इथूनच जगभर गेला. पुएब्ला राज्यात त्याची मोठी शेती आहे, आत्लिस्कोच्या खोऱ्यात तर नजर जाईल तिथपर्यंत. इथे तो लांब देठांसकट जुड्यांनी मिळतो. वास आपल्यापेक्षा उग्र वाटतो, कदाचित इतक्या फुलांत उभं राहिल्यामुळे असेल. त्याच्या शेजारी गर्द किरमिजी कोंबड्याचा तुरा, मखमलीसारखा, आणि पांढऱ्या बारीक फुलांच्या जुड्या. माझी लेक या दोन्हींमध्ये हरवली. तिला अण्णांचं फारसं आठवत नाही, व्हिडिओवरचा आवाज तेवढा ओळखीचा.

पापेल पिकादो, म्हणजे कातरलेला पतंगी कागद, सेन्योरा एकाच बाईकडून घेतात, कारण तो वीस्कोलोत्लाहून येतो. सान साल्वादोर वीस्कोलोत्ला हे याच राज्यातलं गाव, आणि या कागदाचं माहेर. कात्रीने नाही कापत. कागदांची चळत रचून तिच्यावर बारीक पटाशा ठेवतात आणि हातोडीने ठोकत जातात. एका ठोक्यात सगळ्या चळतीला तेच भोक. १९९८ मध्ये राज्याने या कलेला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. मी घेतलेल्या जांभळ्या तोरणावर सायकल चालवणारा सांगाडा होता. अण्णा निवृत्त होईपर्यंत सायकलनेच आगारात गेले.

साखरेच्या कवट्यांच्या दुकानात कपाळावर नाव लिहून देतात. दुकानदार पोरगा आयसिंगच्या नळीने भराभर नावं काढत होता. मी फोनवर ‘अण्णा’ असं मोठं टाइप करून त्याच्यासमोर धरलं. त्याने दोनदा बोटाने हवेत गिरवून पाहिलं, मग हळूहळू अ काढला, मग जोडाक्षर, मग काना. सगळ्यात शेवटी, श्वास रोखून, एका झटक्यात वरची रेघ ओढली. इतकी सरळ आली की त्याने स्वतःच बाजूच्या दुकानदाराला बोलावून दाखवली.

चुना मात्र मला वेगळा शोधावा लागला नाही. मका उकळताना टाकायला इथे घरोघरी चुना लागतो, बाजारात तो पिशव्या भरून मिळतो. घरी आणून कालवला, निवळू दिला आणि डबीत भरला. गायछापची पुडी पुण्याहून येणाऱ्या नवऱ्याच्या एका सहकाऱ्याने आणली होती. पुण्याची तंबाखू आणि चोलुलाचा चुना.

इथे थोडं मागे जाऊन सांगायला हवं, कारण ओफ्रेंदा म्हणजे काय असू शकते हे मी आदल्या वर्षी वाकेचुलाला पाहिलं होतं. आत्लिस्कोच्या पुढचं हे छोटं गाव. तिथे वर्षभरात ज्या घरात कोणी गेलं असेल त्या घरी पहिल्या वर्षाची ओफ्रेंदा उभी राहते, जमिनीपासून छतापर्यंत. लाकडी सांगाडा, त्यावर पांढऱ्याशुभ्र साटिनच्या चुण्या, एकावर एक तीन मजले. सर्वांत वर क्रूस, मधल्या मजल्यावर देवदूत आणि कुमारी मारिया, खालच्या मजल्यावर गेलेल्याचा फोटो आणि त्याचं खाणंपिणं. फोटो सरळ दिसत नाही, आरशात दिसतो. आता तो या जगात नाही, म्हणून त्याचं प्रतिबिंबच पाहायचं. पायथ्याशी डोळे पुसणाऱ्या छोट्या मूर्ती. हे बांधणारे कारागीर ठरलेले आहेत, आणि साटिनची चुणी टाचणीने अशी धरतात की टाचणी दिसत नाही.

१ नोव्हेंबरला दुपारी दोनला मोठी माणसं येतात. घरची मंडळी रस्त्यापासून फोटोपर्यंत पाकळ्यांची वाट घालतात. दारासमोर अशी वाट दिसली की कोणीही आत जावं. अगदी कोणीही. आम्ही परके, परदेशी, हातात एक मेणबत्ती घेऊन आत गेलो. एका घरात विशीतल्या मुलाचा फोटो होता आणि त्याच्या बुटांची जोडी, चिखल तसाच. त्याच्या आईने मेणबत्ती घेतली, आम्हाला बसवलं, मोले आणि भात वाढला आणि तो कसा होता ते सांगत राहिली. माझं स्पॅनिश तेव्हा कच्चं होतं, निम्मं कळलं नाही. पण ती पाहुण्याला सांगत होती आणि सांगताना तिचा आवाज स्थिर होता. अण्णा गेल्यावर मला त्या बाईची फार आठवण आली.

आमची ओफ्रेंदा त्या मानाने साधी. जेवणाचं टेबल भिंतीला लावलं, त्यावर खोके रचून दोन पायऱ्या केल्या आणि वर आईने मला दिलेली पांढरी चादर घातली. समोर जमिनीवर पेताते, म्हणजे विणलेली चटई, आलेल्याला टेकायला. कमान मात्र सेन्योरांनी शिकवली. वेळूसारख्या बारीक बोरूच्या दोन काठ्या घ्यायच्या, ओल्या असतानाच वाकवायच्या, टोकं टेबलाच्या पायांना सुतळीने आवळायची. मग झेंडूची तीन-तीन फुलं देठांसकट धरून खालून वर बांधत जायचं, प्रत्येक जुडगा आधीच्या देठांवर बसवत, म्हणजे सुतळी दिसत नाही. मी दसऱ्याच्या तोरणासारखी फुलं ओवायला निघाले होते. सेन्योरांनी सुई काढून घेतली. देठाला पाणी राहतं, ओवलेलं फूल दोन दिवस टिकत नाही, म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत माझी बोटं हिरवी-काळी झाली आणि त्यांचा वास दोन अंघोळींनंतरही गेला नाही. बऱ्याच महिन्यांनी मी इतका वेळ सलग काही करत होते आणि मनात अण्णांखेरीज दुसरं काही नव्हतं.

पाव सेन्योरांच्या भट्टीत. पुएब्लात या पावाला ओहाल्द्रा म्हणतात. कणीक अंडी, लोणी आणि संत्र्याच्या फुलांच्या अर्काची, त्यामुळे भाजताना घर फुलांच्या वासाने भरतं. वर हाडं घालतात. कणकेची वळी करून तिच्यावर बोटं फाकवून हात ठेवायचा आणि पुढे-मागे लोळवायचं. बोटांच्या मधल्या फटींत गाठी उठतात, तीच हाडं. ती दोन आडवी ठेवायची आणि मध्ये एक गोळा, ती कवटी. लेकीची हाडं माझ्यापेक्षा चांगली जमली.

१ तारखेला सकाळपासून मी स्वयंपाकाला लागले. गूळ इथे पिलोन्सियो नावाने मिळतो, शंकूच्या आकाराचा, रंगाने गडद. शेंगदाणे भाजून त्याच्याबरोबर कुटले आणि पोळ्या केल्या. आत्याने सांगितल्याप्रमाणे एक मुद्दाम करपवली. ज्वारीचं पीठ नव्हतं. सेन्योरांनी चुन्यात उकळलेल्या मक्याचं ओलं पीठ दिलं, त्याची भाकरी थापली. हे पीठ हाताला चिकटत नाही आणि कडेला चिरतही नाही, थापायला ज्वारीपेक्षा सोपं. त्या टॉर्टिया करतात त्याच तव्यावर ती टम्म फुगली. ठेच्याच्या मिरच्या त्यांच्याच पाट्यावर वाटल्या. भजी सर्वांत आधी, सकाळीच तळली आणि कागदात गुंडाळून ठेवली, म्हणजे दुपारपर्यंत हवी तशी मऊ पडतील. कशाचीही चव पाहायची नाही, हे सेन्योरांना सांगावं लागलं नाही. नैवेद्याची चव पाहत नाहीत हे मला घरूनच माहीत होतं आणि त्यांनाही.

मांडणी अशी झाली. वरच्या पायरीवर फोटो आणि सेन्योरांनी आणून दिलेला क्रूस. तो ठेवू का, असं त्यांनी आधी विचारलं. मी त्याच्या शेजारी विठोबाची छोटी तसबीर ठेवली. मधल्या पायरीवर ताट, कपबशी, पाव, साखरेची कवटी, संत्री, ऊस, सेन्योरांनी गुळात शिजवलेला लाल भोपळा. खाली पाण्याचा पेला, मिठाची वाटी, तंबाखूची पुडी, चुन्याची डबी आणि दहा-अकराचा पाना. पाना नवऱ्याच्या पेटीतला होता. नवीन, चकचकीत. सेन्योरांनी तो उचलून पाहिला आणि घरातून त्यांच्या यजमानांचा जुना, काळा पडलेला पाना आणून ठेवला. मेकॅनिकला नवा पाना काय करायचाय, म्हणाल्या.

पाणी प्रवासाने तहान लागते म्हणून. मीठ कशासाठी? शाळांमध्ये मुलांना शिकवतात की ते शुद्धीसाठी, कागद म्हणजे वारा, मेणबत्ती म्हणजे अग्नी. सेन्योरांना विचारलं तर उत्तर एकच : आई ठेवायची. मला हे उत्तर पुस्तकातल्यापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. मेणबत्त्या मोजून लावल्या, एक अण्णांसाठी, एक आजोबांसाठी, एक आजीसाठी, आणि एक जास्तीची, जिच्यासाठी कोणी मांडत नाही अशा जिवासाठी. तर्पणातही ज्याचं कोणी नाही त्याच्यासाठी पाणी सोडतात. ते लहानपणी दादाच्या शेजारी बसून ऐकलं होतं, इतक्या वर्षांनी हातात काडी धरून आठवलं.

फाटकापासून टेबलापर्यंत पाकळ्यांची वाट लेकीने घातली. झेंडूचं फूल उलटं धरून देठाकडून पिरगाळलं की पाकळ्या एकदम सुटतात. वाट तुटता कामा नये, उंबऱ्यावरसुद्धा. सेन्योरांनी मातीच्या धुपाटण्यात निखाऱ्यांवर कोपाल टाकला. गुग्गुळाच्या कुळातल्याच झाडांचा हा डिंक, पांढरा दाट धूर, वास उदासारखा पण जरा लिंबट. धुपाटणं घेऊन त्या फाटकाशी गेल्या, त्यांनी स्पॅनिशमध्ये अण्णांचं पूर्ण नाव घेतलं आणि मला म्हणाल्या, आता तू बोलाव, तुमच्या भाषेत. त्यांना स्पॅनिश कुठे येतं?

मी म्हटलं, “या अण्णा.” बाकीचं काही सुचलं नाही आणि सुचायची गरजही वाटली नाही.

संध्याकाळी शेजारी येत गेले. प्रत्येकाच्या हातात एक मेणबत्ती किंवा दोन फुलं. आणि प्रत्येकाने विचारलं की हे कोण, काय करायचे, ही पुडी कसली. समोरच्या घरातल्या मुलांना पान्यात रस होता. मी सांगत गेले. घाटात बंद पडलेल्या गाडीखाली पावसात पडून अण्णांनी ती कशी चालू केली होती. चुना बोटावर घेऊन तंबाखू कशी मळायचे आणि मळताना बोलणं मध्येच कसं थांबवायचे. माझ्या स्पॅनिशमध्ये घाट आला नाही, चढणीचा रस्ता म्हणून भागवलं. ऑगस्टमध्ये कराडला जो येत होता त्याला सगळं ठाऊकच होतं. शेवटचे दिवस, दवाखाना, किती वाजता, एवढंच बोलणं व्हायचं. इथे कोणालाच काही माहीत नव्हतं, त्यामुळे मला अण्णा पहिल्यापासून सांगावे लागले, आणि लेक कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती.

कराडला तेव्हा सकाळ होती. आईला व्हिडिओवर सगळं दाखवलं. तिने ताट नीट पाहिलं, भजी मऊ आहेत ना विचारलं. पुडीवर कॅमेरा नेला तर काही बोलली नाही, पान्याकडे मात्र बराच वेळ पाहत राहिली. ठेवताना म्हणाली, “माझ्या वेळी शिराच कर हं. केळं घालून.”

३ तारखेला ओफ्रेंदा उचलली. पाहुणा जेवून गेला की अन्नाचा वास आणि चव त्याच्याबरोबर जाते असं मानतात, पण ते टाकत नाहीत, वाटून खातात. पाव आणि भोपळा शेजाऱ्यांत फिरला, त्यांच्याकडचे मोले आणि संत्री आमच्याकडे आली. शेंगदाण्याच्या पोळ्या सेन्योरांनी मागून घेतल्या आणि पुढच्या वर्षी अशाच यजमानांच्या टेबलावर ठेवीन म्हणाल्या, त्यांना आवडल्या असत्या. काळा पाना त्यांना परत दिला. पुडी आणि डबी मी कागदात गुंडाळून तोरणाबरोबर खोक्यात ठेवली आहे.

पुढच्या वर्षी आजोबांचंही ताट मांडायचं असं दादाने आणि मी ठरवलं आहे. त्यांचं सांगू शकेल अशी एकच व्यक्ती उरली आहे, आत्या, आणि तिचं वय ऐंशीच्या पुढे. रविवारी तिला फोन करते आणि वहीत उतरवून घेते. आतापर्यंत एवढं कळलंय : हुलग्याचं माडगं, तेही फार घट्ट नाही. आंबा रायवळ, चोखून खायचा, कापलेला नाही. पानात कात जास्त. आणि जेवताना पाण्याचा तांब्या डाव्या हाताला लागायचा, उजव्या हाताला ठेवला तर आजीवर रागवायचे.